खुर्ची काढा

इंदूरला रामबागेत तारे मास्तरांचा स्टुडिओ होता,
म्हणजे जिन्याखालची खोली आणि उत्तरेची एक खिडकी.
तोंडं मास्तर रंगवत. फुलं माझ्याकडे.
फुलदाणीतले गुलाब, गळ्यातला हार,
नव्या नवरीच्या हातातली निशिगंधाची छडी.
कुणी गेलं की मला काम.

खुर्ची मात्र एकच होती,
सिंहाच्या पंजांची, पाठीवर कोरीव कमळं,
कुठल्याशा सरदाराच्या तसबिरीतून उचललेली.
तिच्यावर मास्तरांनी अर्धं इंदूर बसवलं:
सराफ्यातले शेठ, सियागंजचे दलाल,
मिलमधले जॉबर, जन्मभर उभे राहिलेले,
मेल्यावर एकदाचे टेकले.

कंपेलची गेंदाबाई आली ती फोटोशिवाय.
नवऱ्याने कधी काढूच दिला नव्हता.
बरोबर दोन मुलगे, एक मुलगी, एक दीर,
कापडाचे नमुने आणावेत तसे.
नाक धाकट्याचं, म्हणाली. कान दिराचे.
भुवया पोरीच्या, पण रागावलेल्या.
मास्तरांनी चौघांना बाकावर बसवून
तीन दिवस एक माणूस गोळा केला.
पोरीला मधूनमधून चिडवायचं,
तेही काम माझंच.

चौथ्या दिवशी पदर दातात धरून
ती चित्रापुढे उभी राहिली, बराच वेळ.
"मूंडो तो उनकोज है," म्हणाली.
"पण कुर्सी पे ऊ कदी नी बैठ्यो.
कुर्सी हटई दो."

मास्तर लालेलाल. "बाई, खुर्ची पैशांत धरलेली असते!"
पैसे कमी करा, असं ती म्हणाली नाही.
नुसती उभी राहिली.

सुरीने खरवडून काढली मग.
माणूस तसाच राहिला, गुडघे वाकवून,
कोपर कशावरच न टेकता टेकलेलं.
माडीवर मुश्ताक राहायचा, आर्ट स्कूलचा.
तो रंगांचे चौकोन काढी, तोंडं नसलेले,
मास्तर त्याला गिलावा म्हणत.
जिन्यात थबकला. "मास्तर, हात लावू नका आता.
तुम्ही मॉडर्न झालात."
टर्पेंटाईनची चिंधी त्याच्या कानावरून गेली.

रविवारी बसने कंपेलला गेलो.
काळी जमीन, हरभरा फुलावर,
बांधावर दीर उकिडवा बसून दाखवत होता.
मास्तर बघत राहिले, मग धोतर सावरून
स्वतःच बसले तसे, साठीत पहिल्यांदा,
वजन नेमकं कुठे जातं ते कळायला.
उठवायला दोघे लागले.

"बघतेस काय, फुलं घाल," मला म्हणाले.
माझ्या डोक्यात अजून फुलदाणीच.
हरभऱ्याचं फूल नखाएवढं,
सकाळी गुलाबी वाटतं, दुपारी जांभळं,
खुडावं तर बोटांना आंब लागते.
किरमिजीत कणभर निळा. चारदा पुसलं.
एकच जमलं शेवटी, त्याच्या अंगठ्यापाशी,
तेही जरा सुकल्यासारखं.

चित्र पोचवायला मी आणि मुश्ताक गेलो.
गेंदाबाईने खिळा ठोकला तो जमिनीपासून हातभर वर,
चुलीशेजारी, जेवायला बसतात तिथे.
धूर लागेल, मी म्हटलं.
लागायचाच, म्हणाली. वर टांगलं तर मान दुखते.
कुणाची, ते सांगितलं नाही.
परतीच्या बसमध्ये मुश्ताक काही बोलला नाही,
नवलखा आला तेव्हा एवढंच म्हणाला:
"खाली लावलं तिने."

पुढच्या आठवड्यात खुर्ची परत आली,
छावणीतल्या एका वकिलासाठी.
गुलाब मी घातले, सहा, नेहमीचे.
फक्त पंजाच्या सावलीत
एक जांभळा ठिपका राहिला.
हा डाग कसला, वकिलाच्या मुलाने विचारलं.
ब्रश निसटला, मी म्हटलं.
त्याने पाच रुपये कापले.